अंगणवाडीताईंनी फोन परत का केले?

आजचा एपिसोड क्रांती चौकातून. मागे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या. आपल्या शहरात कुणाची काही मागणी असली, की निदर्शनं इथेच होतात. म्हणून सॉफ्टवेअरबद्दलच्या एका मागणीची गोष्टही इथूनच सांगतो.

ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन २०१९ चे, रॅम २ जीबी. त्यावर नवं आलेलं 'पोषण ट्रॅकर' ॲप. फोन हँग व्हायचा, तापायचा. आणि ॲपमध्ये मराठीच नव्हती! बाळाचं नावसुद्धा इंग्रजीत टाकायचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

"ताईंना टेक्नॉलॉजी जमत नाही" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण याच ताई वर्षानुवर्षं ढीगभर रजिस्टरं मराठीत लिहीत होत्या. काम त्यांना येत होतं. ॲपला त्यांचं काम कळलं नव्हतं. वजनकाट्यावर रडणारं बाळ, बाजूला घाईत असलेली आई आणि रेंज गायब, अशात फॉर्म भरायचा असतो.

आज ॲपमध्ये मराठी आहे. पण त्यासाठी आधी भांडावं लागलं, हे विसरू नका.

तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, तर पहिली स्क्रीन काढण्याआधी एक दिवस अंगणवाडीत जाऊन बसा. ताई आधी वजन घेतात की आधी नाव लिहितात, एवढं बघा. तोच क्रम स्क्रीनवर आणा. नाहीतर तुमचाही फोन परत येईल!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.