तिथीची पाऊणपट

फिरतीची नोकरी म्हटली की लोकांना वाटतं, या माणसाने किती मुलूख पाहिला असेल! प्रत्यक्षात त्याने पाहिलेले असतात एसटी स्टँड, लॉजच्या खोल्या आणि कचेऱ्यांमधली लोखंडी कपाटं. मी हिशेब तपासणीस आहे. कामानिमित्त रत्नागिरीला वर्षातून दोनदा तरी जावं लागतं. समुद्र तिथे हाकेच्या अंतरावर आहे. पण सकाळी दहाला दप्तर उघडलं की संध्याकाळी सहापर्यंत मान वर होत नाही, आणि पुढे रात्रीची गाडी पकडायची घाई. रजा काढून सहकुटुंब जायचं म्हटलं, तर खर्चाचा आकडा आधी समोर उभा राहतो. म्हणून कामाच्याच दिवसात किनाऱ्यावरची पायपीट बसवायची. त्यासाठी घड्याळाइतकाच चंद्रही पाहावा लागतो.

कोकणात एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास काम निघालं, तर कचेरी सुटताना पाणी मागे हटलेलं असतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा-साडेबाराला. तो दिवस सोडून द्यावा. हा आडाखाच आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, हे मात्र ध्यानात ठेवावं.

ओहोटीच कशाला, असं तुम्ही विचाराल. भरतीला चालायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय घोट्यापर्यंत रुततात आणि पन्नाशी उलटलेले गुडघे कुरकुरतात. ओहोटीची ओली वाळू मात्र घट्ट असते, सारवलेल्या अंगणासारखी.

गेल्या पौषात माझं काम शुद्ध तृतीयेला आलं. तीनाची पाऊणपट सव्वादोन, दुपारी भरती. त्याआधीची ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. दहाच्या कामाला याहून सोयीची वेळ कोणती! उजाडता उजाडता रिक्षाने राजिवड्याला उतरलो. ते भाडं प्रवासभत्त्याच्या बिलात लावलं नाही. कचेरीची वेळ कचेरीची आणि आपली हौस आपल्या खिशातून. भाट्याच्या पुलावरून काजळी नदीची खाडी ओलांडली की डाव्या-उजव्या हाताला पाणीच पाणी, आणि पलीकडे भाट्याचा किनारा. लांबी दीडेक किलोमीटर. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि शेवटी झरीविनायकाचं देऊळ. जाऊन-येऊन तास पुरतो.

पुलाजवळ राजिवड्यातले एक वयस्क मच्छीमार जाळं नीट करत बसले होते. सलाम-दुआ झाली. मी म्हटलं, "चाचा, आज तृतीया, म्हणून या वेळेला आलो." ते हसले. "आमच्याकडे काल चांद दिसला, आज पहिली तारीख. चांदाच्या तारखेत एक-दोन मिळवा, मग पाऊणपट करा. पाण्याचा हिशेब तोच." आपल्या मराठी दिनदर्शिकेत तिथी आणि मुस्लिम तारीख एकाच चौकोनात छापलेल्या असतात. आयुष्यभर दोन्ही वाचत आलो. सण कधी, रोजे कधी, एवढ्यापुरत्या. त्या दोन्ही ज्या पाण्यावर पारखून पाहता येतात, ते पाणी समोर होतं.

चाचांनी आणखी एक बजावलं. "ओहोटीचं पाणी गरीब दिसतं, भाई. पण खाडीच्या तोंडाशी तेच माणसाला बाहेर ओढून नेतं. वाळूवर चाला, पाण्यात उतरू नका." कोकणात नवख्या माणसाने ही गोष्ट कानाशी बांधून ठेवावी. पावसाळ्यात तर हा बेत करूच नये.

परतताना पुलावरून शहराकडचा उंच कडा दिसतो. त्या बाजूला थिबा राजवाडा आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि पुढच्या वर्षी थिबा राजाला रत्नागिरीला आणून नजरकैदेत ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं समुद्र त्याच्या नजरेसमोर होता आणि तो ओलांडून घरी जाण्याची मुभा नव्हती. आपल्यावर कुणाचा पहारा नाही. तरी कचेरीच्या खिडकीतून समुद्र पाहून निघून जाणारे माझ्यासारखे नोकरदार किती आहेत!

निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरली आहेत. फिरती संपेल, मग रत्नागिरीला जायला कारण शोधावं लागेल. तोवर कामाचा हुकूम आला की तारखेखालची तिथीही वाचतो. त्या दिवशी साडेआठला परतलो, आंघोळ केली आणि दहाच्या ठोक्याला दप्तर मागितलं. बुटात थोडी वाळू होती. ती कुणी तपासायला मागितली नाही.