निलगिरीच्या गाडीतील शेजारीण



शाळेत भूगोल शिकविणाऱ्यांच्या अंगी एक खोड असते. न पाहिलेल्या मुलुखाविषयी ते फार ठामपणे बोलतात. "निलगिरीच्या उतारावर चहाचे मळे आहेत, तेथील हवा थंड असून पाऊस भरपूर पडतो," हे वाक्य मी बेळगावच्या एका मराठी शाळेत गेली एकोणीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. गेल्या पावसाळ्यात सहावीच्या वर्गातील एका मुलीने हात वर करून विचारले, "बाई, थंडी कडाक्याची पडली तर चहा वाळत नाही का?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझे मलाच पटले नव्हते. म्हणून नाताळच्या सुट्टीत, सणाच्या दुसऱ्याच दिवशी, नेवऱ्या आणि कुलकुलांचा डबा बरोबर घेऊन माझे यजमान आणि मी दक्षिणेच्या गाडीत बसलो.

बेळगावची डिसेंबरातील पहाट आपणांस ठाऊक आहेच. बंगळूरला सकाळी गाडी बदलली तेव्हाही कानाला वारा झोंबत होता आणि फलाटावरचे हमाल मफलर गुंडाळून उभे होते. पुढे मात्र गाडी पठाराची पायरी उतरू लागते आणि प्रवाशांची वस्त्रेही तिच्याबरोबर उतरू लागतात. होसूरला माझी शाल घडी होऊन पिशवीत गेली, धर्मपुरीला स्वेटर. सेलमला पोचलो तेव्हा दुपार झाली होती, डब्यातले पंखे फिरत होते आणि फलाटावर लोक चक्क सावली शोधत होते. दिनदर्शिकेत हिवाळा आणि खिडकीबाहेर आपला फाल्गुन, असा तो प्रकार.

ही ऊबदार गावे प्रवासी सहसा झोपेत घालवितात. निलगिरीला जाणाऱ्याचे चित्त डोंगरावर लागलेले असते. मला मात्र ती पाहण्यासारखी वाटली. इरोडच्या अलीकडे गाडी कावेरीवरून जाते. पूल चांगला लांब आहे आणि हिवाळ्यातही पाण्याला रुंदी आहे. इरोड ही हळदीची मोठी पेठ, आमच्या सांगलीची दक्षिणेतील बहीणच म्हणावी. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म 1887 साली याच गावी झाला. पुढे तिरुपूर लागते. या गावाचे नाव आपण वाचले नसेल, पण त्याचा माल बहुधा आपल्या अंगावर असेल. बनियन विणण्याचे जेवढे कारखाने येथे आहेत तेवढे देशात दुसऱ्या कोठे क्वचितच सापडतील. या तिरुपूरचा संबंध माझ्या हकिकतीत पुढे येणार आहे, म्हणून येथे थोडी थांबले.

कोइमतूरला आम्ही मुक्काम केला तो एका मराठी घरी. सांगली जिल्ह्यातील विटे-खानापूर भागातील सोने-चांदी गाळणारे लोक, ज्यांना आपण गलाईवाले म्हणतो, ते दक्षिणेतील गावोगावी पसरलेले आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीचे मामा त्यांपैकीच. घरात विठोबाची तसबीर, ताटात ज्वारीची भाकरी, आणि मुले आपसांत तमिळ बोलणारी. वहिनींना मी विचारले, "गावाकडची आठवण येते का हो?" त्या म्हणाल्या, "येते की. पण गावी गेले की आठ दिवसांत इथली येते." त्यांचे हे बोलणे मी तेव्हा हसण्यावारी नेले.

पहाटेच्या गाडीने मेट्टुपाळयमला गेलो. येथे मोठा रूळ संपतो आणि निलगिरीची छोटी मीटरमापी गाडी सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे 330 मीटर उंचीवरून निघून ती 46 किलोमीटरमध्ये 2,200 मीटरवरील उदकमंडलमला, म्हणजे आपल्या उटीला, जाते. वाटेत 16 बोगदे, 250 पूल आणि 208 वळणे. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा पहिला टप्पा 1899 मध्ये सुरू झाला, तर उटीपर्यंतचा रूळ 1908 साली पोचला. 2005 मध्ये युनेस्कोने या मार्गाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

हिचे इंजिन पुढे नसते, मागे असते. ते डबे ओढीत नाही, ढकलते. कल्लार स्थानकापासून चढ असा आहे की बारा फूट पुढे गेले की एक फूट वर. एवढ्या चढावर नुसत्या लोखंडी चाकाची पकड पुरत नाही. म्हणून दोन रुळांच्या मधोमध तिसरी दातेरी पट्टी बसविली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात दात रोवीत वर सरकते. प्रत्येक डब्याच्या पुढच्या सज्जावर ब्रेक सांभाळणारा एक माणूस हिरवे-तांबडे निशाण घेऊन उभा असतो. कुन्नूरपर्यंत वाफेचे इंजिन. मात्र आता ते कोळशावर नव्हे, तेलावर चालते. एका पाण्याच्या ठाण्यावर गाडी थांबली आणि इंजिन पाणी पिऊ लागले, तेव्हा माकडांनी आमच्या नेवऱ्यांपैकी दोन लांबविल्या. यजमान म्हणाले, "त्यांचाही नाताळ झाला."

खाली सुपारीच्या बागा आणि दमट ऊब. मध्ये दाट रान, कातळ आणि दरी. आणि कुन्नूर जवळ येऊ लागले की एकाएकी समोरची टेकडी कात्रीने कापल्यासारखी दिसते. चहा! फळ्यावर लिहिलेला तो चहा मी प्रथमच पाहत होते. मळा लांबून गालिच्यासारखा दिसतो असे सगळेच लिहितात. जवळ गेल्यावर मात्र गालिच्याची आठवण होत नाही. प्रत्येक झुडूप म्हणजे जाड, वाकडे, जुनाट खोड असते. मोकळे सोडले तर चहाचे झाड माणसाच्या डोक्यावरून कितीतरी उंच जाते. पण खुडणाऱ्या बाईचा हात पोचावा म्हणून ते कमरेएवढेच ठेवतात. काही वर्षांनी एकदा तर खोडापर्यंत छाटतात. मधून मधून उभे असलेले उंच, चंदेरी पानांचे वृक्ष सिल्व्हर ओकचे. ते सावलीसाठी लावलेले असतात.

कुन्नूरला आम्ही दोन दिवस राहिलो आणि एक लहानसा कारखाना पाहिला. खुडलेला पाला आधी वाऱ्यावर कोमेजवितात, मग यंत्रात चुरतात, मग तो हवेत ठेवला की तांबूस होतो, शेवटी भट्टीत सुकवितात. चार-साडेचार किलो ओल्या पाल्याची किलोभर पूड होते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही मला येथे मिळाले. डिसेंबर-जानेवारीत सखल दऱ्यांमध्ये रात्री हिम पडते आणि त्या हिमाने कोवळा पाला खरोखरच करपून काळा पडतो. आणि गंमत अशी की, याच कडक, कोरड्या थंडीत जो पाला वाचतो त्याचा चहा वर्षात सर्वांत सुगंधी ठरतो. हे मी वहीत टिपून घेतले आणि आपला प्रवास सार्थकी लागला असे मला वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुढच्या टप्प्यासाठी कुन्नूरहून गाडीत बसलो. हा टप्पा डिझेल इंजिनाचा. येथे हौशी प्रवाशांइतकीच स्थानिक माणसेही डब्यात चढतात. माझ्या शेजारी साठी ओलांडलेल्या एक बाई येऊन बसल्या. अंगावर सुती साडी, त्यावर पुरुषी स्वेटर, डोक्याला लोकरी रुमाल, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची जाड पुरचुंडी. बोटांच्या पेरांवर काळ्या चिरा होत्या. पाला खुडणाऱ्या हातांवर पडणारा तो डाग धुऊन जात नाही. बरोबर विशीतला नातू होता. मला तमिळ येत नाही, बाईंना दुसरे काही येत नव्हते. पण नातू तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात कामाला होता आणि तेथे बिहारी सोबत्यांकडून उत्तम हिंदी शिकला होता. तोच आमचा दुभाष्या झाला.

मी नेहमीचा प्रश्न केला, "आजी मूळच्या कुठल्या?"

नातू हसला. म्हणाला, "टीचर, या प्रश्नाला आमच्या घरी तीन उत्तरे आहेत."

बाईंचे पूर्वज तिरुचिरापल्लीकडच्या कोरडवाहू खेड्यातले. इंग्रजी अमदानीत ते सिलोनच्या डोंगरांत मजुरीला गेले. बाईंचा जन्म तेथे, हॅटनजवळच्या एका मळ्यात झाला. आई खुडणारी, आजीही खुडणारी. पुढे सिलोन स्वतंत्र झाले आणि 1948 च्या नागरिकत्वाच्या कायद्याने मळ्यांतील बहुतेक तमिळ मजुरांचे नागरिकत्व गेले. ते तिथले राहिले नाहीत आणि इथलेही नव्हते. 30 ऑक्टोबर 1964 रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावी, तीन लाख सिलोनने ठेवावी, आणि उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहावे असे ठरले. 1974 मध्ये तेही निम्मेनिम्मे वाटून घेण्यात आले. हा करार मी वाचला होता, परीक्षेसाठी पाठही केला होता. पण त्या सव्वापाच लाखांपैकी एक माणूस माझ्या खांद्याला खांदा लावून बसेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

बाई बारा वर्षांच्या असताना 1974 मध्ये निघाल्या. मळ्यातून गाडीने तलैमन्नार, तेथून बोटीने रामेश्वरम, मग मंडपमची छावणी. "गाडीत सगळेच रडत होते," त्या म्हणाल्या, "स्टेशनावर राहिलेलेही आणि आत बसलेलेही. माझी थोरली बहीण तिकडेच राहिली, तिच्या नवऱ्याचा अर्ज दुसऱ्या यादीत होता." छावणीतून कुटुंबाला निलगिरीत पाठविण्यात आले. परत आलेल्या अशा मजुरांसाठीच तामिळनाडू सरकारने या डोंगरांत 1968 पासून मळे लावले होते. इतरही मळ्यांत पुष्कळांना काम मिळाले. बाईंनी चाळीसहून अधिक वर्षे पाला खुडला. मळ्यातील खोली ही नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबरच जाते. त्या निवृत्त झाल्या आणि खोली सोडण्याचा कागद आला. घरासाठी जागा मिळावी म्हणून उटीच्या कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला ती दोघे निघाली होती. हा तिसरा अर्ज. मांडीवरच्या पुरचुंडीत सिलोनहून आणलेले कुटुंबकार्ड होते; प्लास्टिकमध्ये जपलेले, घड्यांवर फाटलेले. नातवाने ते मला दाखविले, आणि बाईंनी लगेच हात पुढे करून परत घेतले.

वेलिंग्टन गेले, अरुवंकाडू गेले. केट्टीची रुंद दरी उघडली. सखल भागातील गवतावर ऊन न पोचलेल्या ठिकाणी पांढरे हिम अजून दिसत होते. बाईंनी पिशवीतून थर्मास काढला. झाकणात बिनदुधाचा, आल्याचा कोरा चहा ओतला आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवून माझ्यापुढे केला. गूळ चावायचा आणि वर घोट घ्यायचा. "सिलोनची रीत," नातू म्हणाला. "आजी दुधाचा चहा पीतच नाही." मी माझा डबा उघडला. नेवरी तोंडात टाकून बाईंनी मान हलविली आणि नातवाला काही विचारले.

"आजी विचारते, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"बेळगावच्या," मी म्हणाले.

"ते कुठे आले?"

"कर्नाटकात."

"मग तुमची भाषा कन्नड?"

"नाही, मराठी."

"म्हणजे तुम्ही महाराष्ट्रातून तिकडे गेलात?"

"नाही. आम्ही कुठे गेलोच नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहोत."

नातवाने हे सारे आजीला समजावून सांगितले. मधे एकदा अडखळला, पुन्हा मला विचारून पुढे गेला. यजमान खिडकीबाहेर पाहत हसत होते. भूगोलाच्या शिक्षिकेला आपलेच गाव समजावून सांगताना पाच मिनिटे लागली. बाईंनी सगळे लक्षपूर्वक ऐकले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एकच विचारले, "घर स्वतःचे आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. मला ते सांगताना का कोण जाणे, संकोच वाटला.

लव्हडेलच्या पुढे गाडी निलगिरी झाडांच्या राईतून जाऊ लागली. वाटेत एका वस्तीत दारांवर नाताळचे कागदी तारे अजून लटकत होते. बाईंनी बेळगावात चहाची पूड काय भावाने मिळते ते विचारले. मी सांगितले. त्यांनी नातवाला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, मग बोटांवर काही हिशेब केला आणि तो मनातच ठेवला. उटीच्या फलाटावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी थर्मासचे झाकण घट्ट लावले, पुरचुंडी छातीशी धरली आणि नातवाच्या आधी खाली उतरल्या. कचेरी दहाला उघडते, उशीर झाला तर रांग लांबते, असे तो सांगत होता.