बॅटरीची जबाबदारी कोठवर?

१९९७ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या प्रियस या हायब्रिड मोटारीने पेट्रोल वाचविले. पण तिच्या बॅटरीतील निकेल व कोबाल्ट भूमीचे पोट फोडूनच निघाले होते. जुन्या बॅटरीतून ते परत मिळविले, तर तितकी खोदाई टळते. भारतात २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली, बॅटरी पुरण्यास व जाळण्यास मनाई केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु शिशाच्या बॅटऱ्या उघड्यावर वितळविणाऱ्या कामगारांच्या रक्तात शिसे उतरले, हे विसरता येणार नाही. या निकेलच्या बॅटरीत शिसे नाही. २०० व्होल्टांहून अधिक दाब आणि कातडी भाजणारा अल्कली द्रव मात्र आहे. ती उघडणाऱ्या हातांना प्रशिक्षण, संरक्षण आणि रास्त वेतन कोण देणार? उत्पादकाची जबाबदारी धातूपाशी संपता कामा नये. ती कामगारापर्यंत पोहोचली पाहिजे.