पावसाळी मुलखातील भिंगाची निगा
मुळशी तालुक्यातील माले आणि आसपासच्या गावी आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा ओल धरतात. अशा मुलखात लग्नकार्याचे चित्रण करणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याचे भिंग चामडी पेटीत महिनोन्‌महिने बंद राहिले, तर आतील काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी बुरशी धरते आणि तिच्यातून स्रवणारे आम्ल काचेवरील लेप कायमचा खाऊन टाकते. धूळ तितकी घातक नव्हे. झूम मागेपुढे होताना हवेबरोबर काही धूलिकण आत शिरतातच. ते चित्रात सहसा उमटत नाहीत, मात्र प्रखर उन्हात भिंगाचे छिद्र बारीक झाले म्हणजे मागल्या काचेवरचा कण डाग होऊन दिसू लागतो.

बाहेरची काच रबरी फुंकणीने झाडावी. तोंडाने फुंकू नये, कारण लाळेचे तुषार काचेवर बसतात. आतील सफाईसाठी स्क्रू काढण्याचे धाडस मात्र कृपा करून करू नका: काचांचे केंद्र केसभर ढळले तरी चित्राची रेखीवता जाते, आणि ते पूर्ववत जुळविण्याची साधने जाणत्या कारागिराजवळच असतात. त्यापेक्षा मृगापूर्वीच हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्या यांचा बंदोबस्त करून आतील आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. पुड्यांतील निळे दाणे गुलाबी झाले, की ते तापवून पुन्हा कोरडे करता येतात.