ध्वनिमिश्रक यंत्र आणि घरचा कारागीर

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं मिक्सर नांवाच्या यंत्रावर बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु आजवर आमच्याकडे सर्वांत अधिक तक्रारी आल्या त्या प्रवचनाच्या लांबीविषयीं नव्हेत (तो क्रमांक दुसरा). त्या आल्या 'ऐकूं येत नाहीं' म्हणून. मागल्या बांकांवरील वृद्ध माउलींच्या कानीं पहिलें वाचन म्हणजे निव्वळ एक गुणगुण पडते. सोळा चॅनलांचा जुना मिक्सर भंगारांत देऊन नवा घ्यावा, असा एक पक्ष आहे. तो आम्ही घरीं उघडून सुधारूं, असें म्हणणारा तरुणांचा दुसरा पक्ष आहे. या दुसऱ्या पक्षाचें म्हणणें किती खरें व किती धोक्याचें, याचा आज विचार करावयाचा आहे. आम्हांस स्वतःस सेमिनरींत असल्यापासून सोल्डरिंगची खोड आहे, हें आधींच सांगितलेलें बरें. म्हणजे आमचा कल कोणीकडे झुकतो तें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम यंत्राचें काम पाहूं. मायक्रोफोनसमोर कोणी नेहमींच्या आवाजांत बोलला, तर त्यांतून एक-दोन मिलिव्होल्टांइतकाच दाब निघतो. कर्णे चालविणाऱ्या अँप्लिफायरास मात्र सुमारें एक व्होल्ट हवा असतो. म्हणजे मूळ आवाज जवळजवळ हजारपट वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर तारेंत दुसरें जें कांहीं असेल तेंही हजारपट वाढतें. तारेंत कांहींच पाठविलें नाहीं तरी तेथें उष्णतेमुळें एक सूक्ष्म खळबळ अखंड चालू असते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या जॉन्सन यांनीं ती मोजून व नायक्विस्ट यांनीं तिचें गणित मांडून १९२८ सालीं प्रसिद्ध केलें. २०० ओहमच्या मायक्रोफोनाची ही खळबळ, कानास कळणाऱ्या टप्प्यांत, सुमारें पाव मायक्रोव्होल्ट भरते. कारागीर कितीही कुशल असो, तिच्याखालीं त्याला जातां येत नाहीं. बऱ्यापैकीं मिक्सराचा मायक्रोफोन-विभाग या मर्यादेच्या दोन-चार डेसिबलांवर येऊन ठेपलेलाच असतो; सबब तेथें पैसा ओतण्यांत अर्थ थोडा.

लाभ आहे तो बेरजेच्या जागीं. सोळा चॅनलांचे आवाज आपापल्या रेझिस्टरांतून एका समाईक तारेवर येतात, व एक लहानसा अँप्लिफायर त्यांची बेरीज करितो. चॅनलाचा आवाज तो एकपटच पुढें देतो. परंतु त्याची स्वतःची सूंसूं मात्र सोळा अधिक एक, म्हणजे सतरापट होऊन बाहेर पडते. डेसिबलांत ही वाढ २४.६ होते. या जागीं पुष्कळ जुन्या यंत्रांत टी. एल. ०७२ नांवाची आयसी असते. तिची सूंसूं, कारखानदारांच्या पत्रकाप्रमाणें, एका विवक्षित मापानें १८ आहे. त्याच मापानें एन. ई. ५५३२ या आयसीची ५ आहे. दोहोंचे आठ पाय एकाच क्रमानें लागतात. तेव्हां बेरजेच्या जागच्या दोन-तीन आयसी बदलल्या कीं त्या जागची सूंसूं दहाएक डेसिबलांनीं उतरते, आणि खर्च एका वेळच्या मासळीपेक्षां कमी. मात्र सोळाही चॅनल उघडे टाकून ठेविले, तर त्यांची मिळून होणारी सूंसूं या सुधारणेस गिळून टाकील. न लागणारे चॅनल खालीं ओढून ठेवणें, ही सुधारणा फुकट आहे, आणि ती कोणीच करीत नाहीं!

येथें हौशी मंडळींची एक साथ सांगावयास हवी. मिक्सर उघडला कीं सरसकट साऱ्या आयसी बदलावयाच्या, असा तिचा प्रकार. त्याचे परिणाम पाहा. टी. एल. ०७२ बिनकामाच्या वेळीं २.८ मिलिअँपिअर खाते, एन. ई. ५५३२ ही सुमारें ८. अशा वीस आयसी बदलल्या तर ५६ मिलिअँपिअरांच्या जागीं १६० लागतात. व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग तापतात, आणि उन्हाळी लग्नाच्या मंडपांत ऐन वेळीं यंत्र मौन धरितें. दुसरें असें कीं, नवी आयसी आपल्या तोंडाशीं सुमारें २०० नॅनोअँपिअर प्रवाह मागते. जुनी जवळजवळ कांहींच मागत नसे. हा प्रवाह १०० किलोओहमांतून वाहिला कीं तेथें २० मिलिव्होल्टांचा स्थिर दाब उभा राहतो, आणि मध्यें कपॅसिटर नसल्यास काल गुपचूप फिरणारें बटण आज खरखरूं लागतें. मग दोष बटणाला! तिसरें, चपळ आयसीच्या पायांशीं ०.१ मायक्रोफॅरडचा लहान कपॅसिटर अगदीं जवळ नसेल, तर ती कानांस ऐकूं न येणारी शीळ घालीत बसते, स्वतः तापते व आवाज फाडते. या तिन्ही गोष्टींचा विचार ज्यानें आधीं केला नाहीं, त्यास आम्ही यंत्राचें झांकण काढूं देणार नाहीं.

आमच्या मतें जुन्या यंत्राचा खरा शत्रू आयसी नसून म्हातारे झालेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होत. त्यांच्या आंत ओला द्रव असतो. तो वर्षानुवर्षें सुकत जातो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्यांचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा ठोकताळा आहे. म्हणून बदलतांना ८५ अंशांऐवजीं १०५ अंशांचे घ्यावे. वीजपुरवठ्यांतील मोठे कपॅसिटर आधीं बदलावे. ते थकले कीं यंत्रांत १०० आवर्तनांची घरघर शिरते. मायक्रोफोनच्या तोंडाशीं असलेल्यांवर ४८ व्होल्टांचा फँटम दाब येतो. तेथें ६३ व्होल्टांचे बसवावे, व धन टोंक मायक्रोफोनकडे आहे ना, हें दोनदां पाहावें. हें सारें साहित्य मुंबईस लॅमिंग्टन रोडवर मिळतें. तेथें नकली आयसीही मिळतात, आणि त्यांवरील अक्षरें अस्सल आयसीपेक्षां सुबक असूं शकतात. फार स्वस्त दिसली कीं दोन दुकानें पुढें जावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही मुख्यतः उभे राहिलों, ती. गेल्या पावसाळ्यांत कर्ण्यांतून ५० आवर्तनांची गुणगुण येऊं लागली, तेव्हां एका हुशार तरुणानें मिक्सराच्या प्लगाची तिसरी, अर्थिंगची पिन काढून दाखविली. गुणगुण तत्क्षणीं थांबली. सभोंवतीं वाहवा झाली. आम्ही ती पिन त्याच्याच हातून परत बसवून घेतली, व त्याचा थोडा रुसवा पत्करला. कारण असें कीं, मिक्सर व अँप्लिफायर निरनिराळ्या जागीं अर्थ झाले म्हणजे दोघांमधील तारेचें एक वेटोळें तयार होतें, व त्यांत फिरणारा प्रवाह गुणगुणतो. पिन काढल्यानें वेटोळें तुटतें हें खरें. पण उद्यां आंतली २३० व्होल्टांची तार पत्र्यास टेकली, तर तो दाब मायक्रोफोनच्या जाळीपर्यंत येईल, आणि ती जाळी ओल्या फरशीवर उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या वाचक मुलीच्या ओठांशीं असते. याहून अधिक स्पष्ट आम्हांस बोलतां येत नाहीं.

गुणगुणीचे योग्य उपाय आहेत. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावरून चालवावीं. तें जमत नसेल तर मध्यें ध्वनीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. आणि हौशी कारागिरास शोभेल असें एक काम आहे: पुष्कळ स्वस्त मिक्सरांत मायक्रोफोनच्या सॉकेटाची पहिली पिन, म्हणजे तारेवरील जाळीचें टोंक, थेट पत्र्याच्या पेटीस न जोडतां आंतल्या सर्किटाच्या जमिनीस जोडलेली असते, त्यामुळें जाळीवरील घाण सरळ आवाजांत मिसळते. नील मन्सी यांनीं १९९५ सालीं या दोषावर लेख लिहिला, तेव्हांपासून तो 'पिन एकचा दोष' म्हणूनच ओळखला जातो. आंखूड जाड तारेनें ती पिन पेटीस जोडली कीं बहुधा गुणगुण बरीच उतरते. खर्च चार आण्यांचा. चार आणे आतां चालत नाहींत, एवढीच अडचण.

काम झाल्यावर परीक्षा कशी करावी? सुधारलेल्या यंत्राचा आवाज सुधारणाऱ्याच्या कानास नेहमीं गोडच लागतो. म्हणून एकच चॅनल सुधारावा, शेजारचा तसाच ठेवावा, दोहोंची पातळी मीटरवर सारखी करावी, आणि डोळे मिटलेल्या तिऱ्हाइतास विचारावें. पातळी सारखी नसेल तर जरा मोठा असणारा चॅनल चांगला ठरतो. त्यांत गुण कांहीं नसतो.

तेव्हां जुन्या मिक्सराविषयीं आम्ही असें ठरविलें आहे. तो भंगारांत जाणार नाहीं. तरुणांस प्रथम शेवटचे दोनच चॅनल व वीजपुरवठा मिळेल. काम दोघांनीं मिळून करावें, एकट्यानें कदापि नाहीं. प्लग काढून भिंतीपासून दूर ठेवावा, मोठे कपॅसिटर रेझिस्टरानें रिकामे करून मीटरनें तपासावे, व ज्या खोलींत ३० मिलिअँपिअरांस तुटणारें संरक्षक बटण आहे, तेथेंच यंत्र चालू करावें. काढलेला प्रत्येक भाग लखोट्यांत ठेवून, कोठून काढला तें वहींत लिहावें. त्या दोन चॅनलांतून एक महिना रविवारचें पहिलें वाचन होईल, आणि त्यांची परीक्षा आम्ही घेणार नाहीं. ती शेवटच्या बांकावरील माउली घेतील. वही सॅक्रिस्टींत, उजव्या कपाटाच्या खिळ्यास टांगली आहे. पेन्सिल मात्र ज्यानें त्यानें घरून आणावी.