फळी आपल्या वजनाची

समुद्र आपल्यापासून लांब. आपली तापीदेखील त्याला भेटायला सुरतेपुढे जाते. पण हिवाळ्यात गोव्याला गेलात, तर मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे भेटतील. हा खेळ २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये प्रथमच आला.

आखूड, टोकदार फळी दिसायला देखणी. पण तिला जोरकस लाट लागते. गोव्यातल्या हिवाळी लाटा लहान, संथ. तिथं ९ ते साडेनऊ फूट लांब, २२-२३ इंच रुंद, गोल नाकाची फळीच बरी. ती लाट लवकर धरते आणि उभं राहायला सवड देते. पूर्वी पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा बांधत. जड अंगाला मोठा भोपळा लागे. इथंही हिशेब तोच: वजनदार माणसाला जाड फळी.

आता जुळणी. फळीखाली शेपटाकडे माशाच्या परासारखी फिन असते. ती खाचेत मागं सरकवली की फळी सरळ, स्थिर धावते. पुढं घेतली की सहज वळते. नवशिक्यानं मागंच ठेवावी. फळीच्या पाठीवर उष्ण पाण्यासाठीचं मेण चोळावं, म्हणजे पाय घसरत नाही.

शेवटी दोरी. ती फळीइतकी लांब हवी आणि मागच्या पायाच्या घोट्याला बांधावी. सुटलेली फळी लाटेबरोबर दुसऱ्याच्या डोक्यावर आदळू शकते. म्हणून दोरी आपल्यासाठी आहेच, शेजारच्या अनोळखी पोरासाठीही आहे. प्रत्येक वेळी ती ओढून पाहावी.

आणि लाल बावटा दिसला, तर फळी वाळूतच राहू द्यावी. समुद्र कुठं जात नाही.