देवत्व आणि दास्य : ख्रिस्ती नम्रतेचा पाया

ख्रिस्ती विचारातील नम्रता म्हणजे केवळ स्वभावातला गोडवा किंवा बोलण्यातली मर्यादा नव्हे. तिचा पाया ख्रिस्त कोण आहे या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि त्याचे देवत्व बाजूला ठेवून तिचा विचार केला, तर हाती शिष्टाचारापलीकडे फारसे काही उरत नाही. नम्रतेसाठी नव्या करारात येणारा ‘टपाइनोफ्रोसिनी’ हा ग्रीक शब्द ज्या ‘टपाइनोस’ या शब्दावरून आला, त्याचा अर्थ हीन, खालच्या पायरीवरचा असा होता. मानसन्मानावर उभ्या असलेल्या ग्रीक-रोमन समाजात असे असणे ही लाजेची गोष्ट होती, सद्गुण तर नव्हेच.

या समजुतीला सर्वांत मोठा धक्का पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिला. फिलिप्पै ही मॅसिडोनियातील रोमन वसाहत असून तेथे निवृत्त सैनिक वसवले गेले होते आणि रोमन नागरिकत्वाचा अभिमान तेथील हवेतच होता. बंदिवासातून लिहिणारा पौल अशा नगरातील मंडळीला सांगतो की देवाच्या स्वरूपात असणाऱ्या ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि तो वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञांकित राहिला. क्रूसावरची शिक्षा मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी असे, हे त्या श्रोत्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. ‘स्वतःला रिक्त करणे’ या क्रियेवरून पुढे ‘केनोसिस’ ही संज्ञा रूढ झाली.

येथे व्याकरणाचा एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. मूळ ग्रीकमध्ये ‘असणे’ या अर्थाचे एक धातुसाधित आहे, ज्याचा अर्थ ‘देवस्वरूपात असूनही’ असा लावता येतो, तसाच ‘देवस्वरूपात असल्यामुळे’ असाही लावता येतो. मराठीतील ‘असता’ हे रूप या दोन्ही अर्थांना जागा देते. पहिल्या अर्थाने दास्य हा देवत्वाला अपवाद ठरतो, तर दुसऱ्या अर्थाने दास्यातच देवत्वाचा स्वभाव उघड होतो. ख्रिस्ती सेवेचे मर्म या दुसऱ्या अर्थात आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाची रचना या अर्थाला बळ देते. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशू जाणून होता असे प्रथम सांगून योहान लगेच पुढची कृती वर्णितो : भोजनावरून उठणे, अंगावरची वस्त्रे काढून ठेवणे, कमरेला रुमाल बांधणे, घंगाळात पाणी ओतणे, शिष्यांचे पाय धुणे आणि त्याच रुमालाने ते पुसणे. ज्या हाती सर्व सोपवले गेले, तेच हात धुळीने माखलेल्या पावलांना लागतात. पेत्र संकोचून विरोध करतो. यहूदा इस्कर्योत अजून उठून गेलेला नसतो, म्हणजे विश्वासघात करणाऱ्याचे पायही धुतले जातात.

इ.स. 325 मध्ये नायसिया येथे भरलेल्या परिषदेचा निर्णय या संदर्भात वाचला पाहिजे. पुत्र हा निर्माण केला गेलेला, म्हणून पित्याहून कमी, असे एरियस शिकवत होता. परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असे ठरवले. पाय धुणारा जर देवाचा दुय्यम सेवक असता, तर त्याच्या वाकण्यातून एका चांगल्या सेवकाची ओळख झाली असती. तो देवाशी एकतत्त्व असल्यामुळे त्या वाकण्यातून देवाचीच ओळख होते. पुढे 451 मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने ख्रिस्ताच्या ठायी दैवी आणि मानवी हे दोन्ही स्वभाव मिसळून न जाता, न बदलता एकत्र आहेत असे मांडले, म्हणजेच दास्य पत्करल्याने देवत्व उणे झाले नाही.

यातून एक इशाराही निघतो. नम्रतेचा उपदेश इतिहासात अनेकदा दुर्बलांना गप्प बसवण्यासाठी वापरला गेला. गुलामांचे मालक त्यांना बायबलच्याच आधाराने आज्ञापालन शिकवीत. मात्र त्या भोजनाच्या खोलीत गुरू शिष्यांपुढे वाकतो, त्यामुळे वाकण्याची जबाबदारी ज्याच्यापाशी सत्ता, विद्या किंवा धन आहे त्याच्यावर प्रथम येते. पोप पहिला ग्रेगरी (590–604) स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवीत असे; त्या बिरुदाने पदावर बसणाऱ्या प्रत्येकाला मोजण्याचे मापही दिले.

महाराष्ट्रात या मापाला उतरणारे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी केली. तेथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्यांनी पांडित्य टाकून दिले नाही. अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाईच्या हाती पोचेपर्यंत ते खाली आणले, आणि एवढे खाली आणण्यासाठीच ते सारे पांडित्य कामी आले. देवस्वरूपात असल्यामुळे दासाचे रूप घेणाऱ्या ख्रिस्ताचे अनुकरण माणसाच्या आवाक्यात येते ते अशा रीतीने.